कोळशाच्या वखारीतून मेजवानीच्या टेबलापर्यंत

2010 च्या नोव्हेंबरात नैरोबीत युनेस्कोची बैठक भरली होती. जगाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तेव्हा फ्रान्सच्या नावावर एक नोंद झाली. ती फ्रेंच पाककलेची नोंद आहे असं पुष्कळांना वाटतं, पण तिचा विषय कोणताही ठरावीक पदार्थ किंवा ठरावीक वाइन हा नाही. नोंद आहे ती एका रिवाजाची. जन्म, लग्न, वाढदिवस, एखादं यश, बऱ्याच काळानं झालेली भेट असे प्रसंग माणसांनी एकत्र जेवून साजरे करण्याची. त्या जेवणाचा क्रमही तिथं सांगितला आहे: सुरुवातीला भूक चाळवणारं पेय, शेवटी पाचक मद्य, आणि मध्ये किमान चार टप्पे. आधी हलका पदार्थ, मग मासा किंवा मांस भाज्यांसह, मग चीज, मग गोड.

हे जेवण घरी होतं, आणि खूपदा घरीच होतं. पण पॅरिसमधली घरं लहान. आठ माणसांचं टेबल मांडायला अनेकांकडे जागाच नसते. मग कुणाला नोकरी लागली, कुणाचा प्रबंध मान्य झाला, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, की गल्लीतल्या बिस्त्रोत टेबल राखून ठेवलं जातं. बिस्त्रो म्हणजे तीस-चाळीस माणसं दाटीनं बसतील एवढी खोली. भिंतीलगत लाल रेक्झिनची लांब बैठक, तिच्यामागे आरसे, टेबलावर कागदाचं आच्छादन, दाराशी मद्याचं काउंटर, आणि त्या दिवशीचे पदार्थ खडूनं लिहिलेली पाटी. दुपारी याच टेबलांवर आसपासच्या कचेऱ्यांतली आणि दुकानांतली माणसं घाईनं जेवून जातात. रोजच्या जेवणाची आणि सणाच्या जेवणाची जागा एकच असावी, हे मला बिस्त्रोचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य वाटतं. ते कसं घडलं हे समजून घ्यायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या पाण्याच्या बादल्यांपर्यंत मागे जावं लागतं.

फ्रान्सच्या मध्यावरचा ओव्हेर्न आणि त्याच्या दक्षिणेचा आव्हेरों हा डोंगराळ मुलूख तेव्हा गरीब होता. हिवाळा लांबलचक, शेती बेताची. तिथले तरुण पोटासाठी पॅरिस गाठत आणि पाणी वाहण्याचं काम धरत. घरोघरी नळ नव्हते. सार्वजनिक कारंज्यांवरून बादल्या भरायच्या आणि खांद्यावरच्या कावडीनं वरच्या मजल्यांपर्यंत चढवायच्या. 1850 नंतर तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत प्रशासक ओस्मान यांनी शहर नव्यानं घडवायला घेतलं, बेलग्राँ या अभियंत्यानं दूरवरच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणलं, आणि हळूहळू हा धंदा बसला. पाणी वाहणाऱ्या या माणसांना जिने चढायची सवय होती आणि घरं ओळखीची होती. त्यांनी लाकूड आणि कोळसा पोहोचवायला सुरुवात केली.

पॅरिसकर त्यांना ‘बून्या’ म्हणू लागले. त्यांच्या दुकानावर पाटी असे, ‘वाइन आणि कोळसा’. एका बाजूला पोती रचलेली, दुसऱ्या बाजूला काउंटर. कोळसा सांगायला आलेलं गिऱ्हाईक उभ्याउभ्या एक पेला घेई. नवरा पोतं खांद्यावर टाकून गेला की बायको काउंटर सांभाळी. मागच्या चुलीवर घरच्यांसाठी जे शिजत असे, त्यातलंच ओळखीच्या गिऱ्हाइकाला वाढलं जाई. पॅरिसच्या कितीतरी बिस्त्रोंची मुळं या मागच्या चुलीत आहेत. वाढप मालक करतो, स्वयंपाक मालकीण करते, आणि पाटीवर दोन-चारच पदार्थ असतात, ही घडण तिथूनच आली.

या मंडळींनी पॅरिसात आपलं एक गावच वसवलं. 1882 मध्ये लुई बोने यांनी त्यांच्यासाठी ‘लोव्हेर्न्या द पारी’ नावाचं वृत्तपत्र काढलं. पुढे शहरातली मोठमोठी ठिकाणंही त्यांच्या हाती आली. साँ-जेर्माँ भागातलं ‘लिप’ 1880 मध्ये एका अल्सेशियन माणसानं उघडलं होतं. 1920 मध्ये ते मार्सेलँ काझ यांनी घेतलं. काझ आव्हेरोंमधल्या लायोल गावचे. याच गावच्या मिटत्या चाकूला 1880 च्या सुमारास बूच काढायचा मळसूत्री काटा जोडला गेला, तो पॅरिसच्या मद्यगृहांत कामाला गेलेल्या गावकऱ्यांची गरज म्हणून. आज पॅरिसात मांस कापायला समोर ठेवलेल्या सुरीच्या मुठीवर माशीची आकृती दिसली, तर ती त्या गावच्या घडणीची सुरी, निदान तिची नक्कल तरी, समजावी.

आता त्या पातेल्यात काय शिजत असे ते पाहू, कारण बिस्त्रोचं सगळं अर्थशास्त्र तिथं आहे. महागडे, मऊ तुकडे श्रीमंतांच्या घरी जात. बून्याच्या बायकोला परवडत ते खांद्याचे, पोटरीचे, गालाचे तुकडे. जनावराचे हे स्नायू आयुष्यभर राबलेले असतात, त्यामुळे त्यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. झटपट भाजलं तर असं मांस चामड्यासारखं होतं. पण ओलसर, मंद आचेवर दोन-तीन तास ठेवलं, की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मांस काट्यानं सुटतं आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट होतो. लाल वाइनमध्ये कांदे, गाजरं, अळंबी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह शिजवलेलं गोमांस, म्हणजे बफ बूर्गिन्यों, हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. वासराच्या मांसाचं ब्लांकेतही याच घराण्यातलं. फक्त त्यात काहीच परतून लाल करायचं नाही, आणि शेवटी रस्सा अंड्याचा बलक आणि साय घालून बांधायचा.

नैर्ऋत्य फ्रान्समधून आलेलं बदकाचं कॉन्फी म्हणजे तर मूळची साठवणीची युक्ती. तंगडी रात्रभर मिठात मुरवायची, बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवायची आणि चरबीनं पूर्ण झाकून ठेवायची. हवा लागत नाही म्हणून थंड जागी ती महिनोन्‌महिने टिकते. गिऱ्हाईक आलं की तव्यावर कातडी कुरकुरीत करायची, दहा मिनिटांत ताट तयार. या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान आहे. कष्ट सकाळी होतात, रात्री फक्त वाढायचं असतं. एकट्या माणसानं अरुंद स्वयंपाकघरात चाळीस जणांना जेवू घालायचं तर याहून शहाणी रीत नाही. आणि काल शिजवलेलं ब्लांकेत किंवा बूर्गिन्यों आज अधिक मुरलेलं लागतं, हाही फायदाच.

घाईचा अपवाद एकच, मांसाचा तव्यावर भाजलेला काप आणि तळलेले बटाटे. बटाटे दोनदा तळतात. पहिल्यांदा कमी तापलेल्या तेलात, म्हणजे आतून शिजतात. दुसऱ्यांदा कडकडीत तेलात, म्हणजे बाहेरून कुरकुरीत होतात. समीक्षक रोलाँ बार्त यांनी 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात या जोडीवर स्वतंत्र लेख लिहिला, इतकी ती फ्रेंच माणसाच्या मनात रुजलेली आहे.

कांद्याच्या सूपची गोष्ट वेगळी, आणि साजरं करण्याशी तिचा जवळचा संबंध आहे. पॅरिसच्या मध्यभागी ‘ले आल’ हा घाऊक बाजार होता. झोला यांनी 1873 च्या कादंबरीत त्याला शहराचं पोट म्हटलं. रात्रभर गाड्या उतरवणारे हमाल पहाटे तिथल्या बिस्त्रोंत कांद्याचं सूप पीत. त्याच वेळी नाटक, नाच, मेजवान्या आटोपून कोट-टोप्यांतली मंडळी तिथं येत आणि तेच सूप मागवत. सूप साधं. कांदे लोण्यात अगदी हळूहळू तपकिरी करायचे, रस्सा ओतायचा, वर शिळा पाव आणि किसलेलं चीज घालून भट्टीत भाजायचं. कांद्याची ती खमंग गोडी येते ती साखर जळण्याच्या आणि मायार प्रक्रियेच्या मेळातून. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली ही प्रक्रिया लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये मांडली. 1969 मध्ये बाजार शहराबाहेर रँजिसला हलवला. सूप मात्र शहरभरच्या पाट्यांवर राहिलं.

बिस्त्रोच्या शेजारी आणखी एक प्रवाह वाहत होता. द्युव्हाल नावाच्या खाटकानं 1855 मध्ये एक भोजनगृह उघडलं. चांगले तुकडे विकल्यावर उरलेल्या मांसाचं करायचं काय, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर म्हणून त्यानं मांसाचा रस्सा आणि उकडलेलं मांस स्वच्छ जागेत, ठरलेल्या स्वस्त दरात द्यायला सुरुवात केली. अशा ठिकाणांना ‘बुइयों’ म्हणत. 1900 पर्यंत पॅरिसात ती शेकड्यांनी झाली. 1896 मध्ये शार्तिए बंधूंनी उघडलेलं बुइयों आजही चालू आहे. काचेचं छत, पितळी रॅक, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे रुमाल ठेवायचे क्रमांक घातलेले लहान खण तिथं अजून दिसतात. तिथला वेटर बिल टेबलावरच्या कागदी आच्छादनावर पेनानं मांडतो. 2017 मध्ये पिगाल भागात नवं बुइयों उघडलं, आणि दारावर रांगा लागल्या. कमी पैशांत बाहेर बसून नीट जेवण्याची ओढ शहरातून गेलेली नव्हती.

अशा जागा मधल्या काळात कमी होत होत्या, हे मात्र खरं. 1960 च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन लाख कॅफे आणि बिस्त्रो होते, आता ते चाळीस हजारांच्या आसपास राहिले, असा अंदाज नेहमी दिला जातो. भाडी वाढली, खेडी ओस पडली, दुपारचं जेवण सँडविचवर आलं. जी ठिकाणं टिकली त्यांतल्या काहींनी सोपा रस्ता धरला: कारखान्यात शिजवून गोठवलेलं बूर्गिन्यों आणायचं आणि गरम करून वाढायचं. म्हणून 2014 मध्ये सरकारनं ‘घरी केलेलं’ या अर्थाचं अधिकृत चिन्ह आणलं. झाकण असलेलं पातेलं, आणि ते झाकण घराच्या छपरासारखं. कच्च्या मालापासून तिथंच शिजवलेल्या पदार्थापुढेच ते लावता येतं. परक्या माणसाला बिस्त्रो निवडताना याची मदत होते. पण त्याहून भरवशाची खूण म्हणजे पाटी. पाच-सहा पदार्थांची, रोज पुसून लिहिली जाणारी पाटी असेल तर आत कुणीतरी खरंच शिजवतं आहे. चार भाषांत छापलेली, चकचकीत छायाचित्रांची दहा पानी यादी दिसली, तर मी पुढचं दार बघेन.

बिस्त्रोला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती एका वेगळ्याच दिशेनं. क्रियों या राजेशाही हॉटेलच्या स्वयंपाकघरात क्रिस्तियाँ कोंस्ताँ यांच्या हाताखाली तरुण आचाऱ्यांची एक पिढी घडली होती. त्यांतले इव्ह काम्दबोर्द यांनी 1992 मध्ये शहराच्या कडेला, चौदाव्या विभागात, ‘ला रेगालाद’ नावाचं जुनं बिस्त्रो घेतलं. झुंबरं नाहीत, पांढरे हातमोजे नाहीत, सगळ्यांना एकाच ठरावीक दरात जेवण. पण हात मात्र राजवाड्यातल्या स्वयंपाकघरात तयार झालेला. पॅरिस तिथं लोटलं. त्यांच्या सोबत्यांनीही तीच वाट धरली. 2004 मध्ये खाद्यसमीक्षक सेबास्तियाँ दमोराँ यांनी या साऱ्याला ‘बिस्त्रोनोमी’ म्हटलं. मला यातली गंमत अशी दिसते, की श्रेष्ठ पाककला आपल्या पायांनी चालत बून्याच्या दुकानात आली. सणाचं जेवण घ्यायला मध्यमवर्गीय माणसाला राजवाड्यात जावं लागेना.

13 नोव्हेंबर 2015, शुक्रवारची संध्याकाळ. पॅरिसवर हल्ला झाला, 130 माणसं मारली गेली. बाताक्लाँ सभागृहाबरोबर हल्लेखोरांनी फुटपाथवर मांडलेल्या टेबलांवर बसलेल्यांना लक्ष्य केलं. रू द शारोनवरच्या ‘ला बेल एकिप’समोर मित्रमैत्रिणींचा एक घोळका वाढदिवस साजरा करत होता, त्यांतले अनेक जण गेले. एकत्र बसून जेवणं आणि आनंद करणं हेच कुणीतरी मारायला निघालं होतं, आणि शहराला ते कळलं. चार दिवसांनी, मंगळवारी रात्री, ‘सगळे बिस्त्रोत’ अशी हाक दिली गेली. लोक घराबाहेर पडले आणि टेबलांवर जाऊन बसले. ‘ला बेल एकिप’ पुढच्या मार्चमध्ये पुन्हा उघडलं. 2018 पासून आलाँ फोंतेन या बिस्त्रोमालकांच्या पुढाकारानं बिस्त्रोंना वारसा म्हणून मान्यता मिळावी यासाठी खटपट सुरू झाली. 2024 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय अमूर्त वारसायादीत बिस्त्रो आणि कॅफेंतल्या सामाजिक रिवाजांची नोंद झाली.

असं काय घडतं त्या टेबलावर? मुख्य म्हणजे क्रम. आपल्या ताटात मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळं एकदम, आपापल्या जागी वाढलेलं असतं, आणि जेवणारा आपल्या मनानं फिरतो. फ्रान्समध्येही एके काळी श्रीमंतांच्या टेबलावर डझनावारी पदार्थ एकाच वेळी मांडत. हाताशी आलेलं खायचं, तेही बहुतेक गार. रशियन पद्धतीत पदार्थ एकामागून एक, गरम, प्रत्येकाला सारखे येत. 1810 च्या सुमारास रशियाचे राजदूत कुराकिन यांनी ती पॅरिसला दाखवली असं सांगतात. 1860 नंतर उर्बँ द्युबुआ या आचाऱ्यानं ती रुजवली. क्रम आला तसा जेवणात वेळही आला. दोन टप्प्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात टेबलावर फक्त माणसं आणि पाव असतो, आणि बोलणं तिथं होतं.

संध्याकाळची सुरुवात साधारण आठला होते. ज्याचा दिवस आहे त्याच्यासाठी आधी पेला उचलायचा. शँपेन हवीच असं नाही. पांढऱ्या वाइनमध्ये काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस फळाचं गोड मद्य घालून केलेलं ‘कीर’ अनेक जण घेतात. दीजोंचे महापौर, धर्मगुरू फेलिक्स कीर, 1945 ते 1968 या काळात हे पाहुण्यांपुढे ठेवत, त्यांचंच नाव त्याला मिळालं. पेले भिडवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, हा शिष्टाचार पाळला जातो. पाव आणि नळाचं पाणी फुकट असतं, मागायला लाजू नये. पाव ताटलीत नाही, थेट टेबलावर ठेवतात.

पहिला टप्पा म्हणून बिस्त्रोचा सर्वांत नम्र पदार्थ मागवावा, असं माझं मत आहे. उकडलेली अंडी आणि वर मेयोनेझ. बुइयोंत ते अगदी स्वस्तात मिळतं. बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतं, त्यातून हे दाट लेपण होतं. ताजं घोटलेलं असेल तर मोहरीचा झणका लगेच कळतो. क्लोद लबे या समीक्षकांनी 1990 च्या दशकात या पदार्थाच्या रक्षणासाठी चक्क संस्था काढली होती. त्याची स्पर्धाही भरते. मुख्य पदार्थ संपल्यावर ताटलीतला रस्सा पावानं पुसून घ्यायला बिस्त्रोत कुणी हरकत घेत नाही. आचाऱ्याला ते आवडतंच.

शाकाहारी मराठी माणसानं इथं जरा विचारून घ्यावं. कांद्याच्या सूपला बहुधा गोमांसाचा रस्सा असतो. प्युईच्या हिरव्या मसूरांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पडतात. बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. भाजलेल्या बकरीच्या चीजचं सॅलड, आमलेट, बटाट्याचं ग्रातँ हे सामान्यतः मिळतं. टेबल राखतानाच सांगितलं, तर छोट्या स्वयंपाकघरातही माणसं मनापासून काही करून देतात.

चीज गोडाच्या आधी येतं आणि उरलेली लाल वाइन त्यासोबत संपते. मग चॉकलेट मूस, जळक्या साखरेचा थर दिलेलं क्रेम ब्रुले, किंवा सफरचंदं खाली आणि पोळी वर ठेवून भाजून मग उलटवलेली तार्त तातँ. वाढदिवस असेल आणि आधी कळवलं असेल तर गोडावर एखादी मेणबत्ती लावून येते. कॉफी गोडाबरोबर येत नाही, त्यानंतर येते, छोट्या पेल्यात, बिनदुधाची. तिच्यापाठोपाठ हवं त्याला काल्व्हादोस किंवा आर्मान्याक ही ब्रँडी.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. रात्रीच्या जेवणाला टेबल तुमचं असतं, उठवायची घाई नसते, आणि बिल न मागता पुढ्यात ठेवणं म्हणजे पाहुण्याला जायला सांगणं. फ्रेंच माणूस वेटरला ‘मुस्यू’ किंवा ‘मादाम’ म्हणून हाक मारतो, बिल मागतो आणि तरी अर्धा तास बोलत बसतो. 1987 पासून पाटीवरच्या किमतीत सेवेचे पैसे कायद्यानंच धरलेले असतात, म्हणून वेगळी बक्षिशी सक्तीची नाही. संध्याकाळ छान गेली असेल तर लोक दोन-चार नाणी टेबलावर ठेवून उठतात.